बाहुलीच्या गळ्यातले काळे मणी

आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या हातात मी ती बाहुली पहिल्यांदा दिली तेव्हा त्यांनी तिला उलटी करून आधी तळपाय पाहिले. सव्वा वीत उंचीची, विदेशी, काटकुळी बाहुली. उंच टाचेचे बूट घालता यावेत म्हणून अशा बाहुल्यांचे पाय मुळातच चवड्यावर उभे केलेले असतात. आत्याबाईंनी त्या टाचांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ही बाई धुनं धुवायला कशी बसायची?"

हिला धुणं धुवायचंच नाही, ही काचेच्या कपाटात उभी राहणार आहे, असं मी सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या की नशीबवान दिसतेय. मग बाहुली माझ्याकडे परत देऊन भाजी निवडायला बसल्या.

कोपरगावात मी वीस-बावीस वर्षं ब्लाउज शिवत होते. बाहुल्यांच्या वाटेला जाईन असं मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. एका गिऱ्हाइकाची भाची पुण्यात राहायची, तिला अशा बाहुल्या जमवायचा नाद होता. लहान मुलांचा खेळ नव्हे तो. मोठी, कमावती, चष्मा लावणारी माणसं या बाहुल्या जमवतात, त्यांचे कपडे, पर्सा, दागिने जमवतात, आणि बाहीची शिवण जाड झाली तर फोटो काढून तक्रार करतात. तिला बाहुलीसाठी नऊवारी हवी होती. बाजारात नऊवारी म्हणून जे मिळतं ते तिने मला मोबाईलवर दाखवलं. परकराला मागून शेपूट शिवलेलं होतं. ते बघून माझं डोकंच फिरलं, आणि रागाच्या भरात मी करून देते म्हणाले.

माझी आजवरची बरीच कामं अशी रागाच्या भरातच अंगावर आलेली आहेत.

बाहुलीचं शिवणकाम म्हणजे माणसाचंच काम लहान करायचं, असं आधी मला वाटलं होतं. तसं ते नाही. माणसाच्या कापडावरचं सगळंच बाहुलीला मोठं होतं. आपल्याकडे बारीक वाटणारी बुट्टी तिच्या पाठीवर थाळीएवढी दिसते. हूक लावला तर बाई कुबड आल्यासारखी दिसते. लाल कापड नीट धुतलेलं नसेल तर त्याचा रंग तिच्या अंगात उतरतो आणि तो कशानेही जात नाही. एकीची मांडी मी अशीच कायमची गुलाबी करून ठेवली. तेव्हापासून कापड तीन वेळा धुऊन, पांढऱ्या रुमालात ओलं गुंडाळून ठेवल्याशिवाय मी त्याला कात्री लावत नाही.

ब्लाउज जमला, पण नऊवारी जमेना. मी सहावारीतली बाई. काष्टा घालायचा तर पाय फाकायला हवेत, आणि या बाईचे पाय जोडलेलेच. चार दिवस मी झटत होते. पाचव्या दिवशी आत्याबाई भाजीचं ताट बाजूला सारून आल्या, बाहुली माझ्या हातातून काढून घेतली, आणि नातवंडाला तेल लावताना धरतात तशी दोन गुडघ्यांत धरली. त्यांनी जन्मभर नऊवारीच नेसलेली. न बघता, नुसत्या बोटांनी त्यांनी निऱ्या घेतल्या, ओचा खोचला, काष्टा मागे नेऊन कमरेत असा बसवला की मी बघतच राहिले. मला म्हणाल्या, "तू शिवत बसतीस. हे शिवायचं नसतंय, बसवायचं असतंय."

तेव्हापासून आम्ही दोघी त्या कामात पडलो. कापड, कात्री, ब्लाउज, काठ माझे. नेसवणं त्यांचं. गरम पाण्याचा तांब्या फिरवून त्या निऱ्यांच्या घड्या बसवायच्या, आणि रात्रभर गादीखाली ठेवायच्या. माझे यजमान साखर कारखान्यात वायरमन होते. ते कामावरून येताना शर्टाच्या खिशात हिरव्या वायरीचे तुकडे घेऊन यायचे. त्या वायरीचं प्लॅस्टिक सोलून ब्लेडने पातळ काप काढले की बाहुलीच्या मनगटात बसतील अशा चुडाभर बांगड्या होतात. ही युक्ती त्यांची. तांब्याच्या तारेची नथही त्यांनीच वळली, पहिल्या दिवशी तीन मोडल्या आणि चौथी जमली. बाहुलीला नथ घालायला नाकात भोक पाडावं लागतं, ते मात्र कधी त्यांच्याच्याने झालं नाही. ते तोंड फिरवायचे आणि सुई मी मारायची.

नवरी बाहुलीला मागणी सगळ्यात जास्त. हिरवा शालू, मुंडावळ्या, नथ, जोडवी, चुडा, मंगळसूत्र. नवरी पुरी होत आली की आत्याबाई तिला माझ्यासमोर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "मनी तेवढे तू ओव."

मंगळसूत्राचे मणी म्हणजे भरतकामाचे सगळ्यात बारीक काळे मणी. मोहरीच्या दाण्याच्याही निम्मे. मध्ये दोन सोनेरी टिकल्या वाकवून वाट्या करायच्या. मला वाटलं, आत्याबाईंना ते दिसत नसतील. सत्तरी उलटलेली बाई, सांगायला लाजत असेल. म्हणून मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी मुकाट्याने नंबर काढून घेतला, चष्मा घातला, आणि पुढच्या नवरीच्या वेळी परत तेच म्हणाल्या. मग मी भिंग बसवलेला दिवा मागवला. त्यांनी त्याचंही कौतुक केलं, त्याखाली गव्हातले खडे निवडले, तांदूळ निवडले. मणी काही ओवले नाहीत. मी ह्यांच्याकडे तक्रार केली की तुमच्या आईला नव्या वस्तूची सवयच लागत नाही. हे हसले आणि विषय बदलला. आता वाटतं त्यांना ठाऊक होतं.

दोन वर्षं मी असं समजत होते. स्वतःला हुशार समजणाऱ्या माणसाला चूक सापडायला वेळ लागतो.

माझं माहेर जामखेडकडचं. तिकडे भावाचं ऑपरेशन निघालं आणि मला अचानक चार दिवस जावं लागलं. घरी तीन नवऱ्या तयार होत्या, एका प्रदर्शनासाठी त्या वेळेत पोचायला हव्या होत्या. मी दवाखान्यातून फोन केला, म्हटलं आत्याबाई, एवढे मणी ओवा आणि पार्सल करायला ह्यांच्याकडे द्या. त्या बरं म्हणाल्या. मी परत आले तोवर नवऱ्या गेल्या होत्या, आणि तिकडून फोटोही आले होते. तिघींच्या गळ्यात मंगळसूत्रं होती. मणी जरा खालीवर होते, पण होते. मला इतका आनंद झाला की मी येताना आणलेल्या पेढ्यांतला पहिला पेढा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो घेतला.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना शेजारच्या वहिनी मला म्हणाल्या की मणी सरळ आले नसतील तर सांभाळून घ्या, मला त्यातलं काही कळत नाही. कुठले मणी, मी विचारलं. तेव्हा कळलं, आत्याबाई डबा घेऊन त्यांच्याकडे गेल्या होत्या. त्यांना समोर बसवून, आधी कपाळाचं कुंकू नीट करायला लावून, त्यांच्याकडून तिन्ही मंगळसूत्रं ओवून घेतली होती. स्वतः उंबऱ्यापाशी बसल्या होत्या.

माझे सासरे गेले तेव्हा ह्यांची शाळाही सुटली नव्हती. विधवेने काय करायचं आणि काय नाही, हे सगळं माझ्या लग्नाआधीपासून या घरात मुरलेलं होतं. हळदीकुंकवाला आत्याबाई स्वयंपाकघरात असायच्या. कोणाची ओटी भरायची असली की मला पुढे करायच्या. मी ते पाहत होते, पण खांबाकडे पाहावं तसं. घरात खांब आहे, असतो. पण बाहुलीच्या बाबतीतही तेच, हे ऐकून मला इतका संताप आला की मी तशीच ओल्या हातांनी खाली आले.

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. एवढं आठवतं की मी म्हणाले, हे प्लॅस्टिक आहे, याला जीव नाही, याचं लग्न लागत नाही. चष्मा घेतला, दिवा घेतला, मी मूर्ख म्हणून इतके दिवस तुमच्या डोळ्यांना दोष देत होते. त्या शांतपणे गादीखालच्या निऱ्या काढत होत्या. शेवटी मी म्हणाले, "बाहुलीला कुठे नवरा आहे, आत्याबाई?"

"बाहुलीला न्हाई," त्या म्हणाल्या. "तुला हाय."

त्या मग नेहमीच्या आवाजात समजावून सांगू लागल्या. हे घर तुझ्या नवऱ्याचं, मणी तू तुझ्या हाताने आणतेस, नवरी याच घरातून सजून बाहेर पडते. तिच्या गळ्यातलं माझ्या हातचं नको. उगाच विषाची परीक्षा कशाला. माझा मुलगा माझ्यापुढे चालता-बोलता राहू दे, मला दुसरं काही नको. एवढं बोलून त्यांनी मला निऱ्या धरायला सांगितल्या, आणि मी धरल्या.

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले की आई असंच करत आली आहे, तिला त्यात बरं वाटत असेल तर राहू दे, तू मणी ओवतेसच की. मी राहू दिलं. पण आतून मी त्यांच्यावर आणि आत्याबाईंवर दोघांवरही चिडून राहिले. मला वाटायचं, मी वेगळी आहे. मी शिकलेली आहे, माझ्या डोक्यात असलं काही नाही.

त्या वर्षी उसाचा हंगाम लांबला होता. हे सकाळची पाळी करून येणार म्हणून मी पिठलं टाकायची थांबले होते. साडेदहाच्या सुमाराला कारखान्यातून दोघंजण मोटारसायकलवर आले, आणि त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या तेव्हाच मला कळलं. हे पॅनेलपाशी उभे होते, घाम आला म्हणून खाली बसले, आणि परत उठले नाहीत. विजेने नव्हे, हृदयाने. तेवढं सांगताना ती माणसं पुन्हा पुन्हा म्हणत होती की विजेने नव्हे, जणू त्याने काही फरक पडणार होता.

पुढचं जे व्हायचं ते झालं. चुलतसासू आल्या, नात्यातल्या बायका आल्या. माझ्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, गळ्यातलं काढून घेतलं. कोणी जबरदस्ती केली नाही. मी स्वतःच हात पुढे केले. बाहुलीसाठी घर डोक्यावर घेणारी मी, माझ्या स्वतःच्या हातासाठी एक शब्द बोलले नाही. दुःखात भान नव्हतं असं मी लोकांना सांगते, पण ते खरं नाही. मला भान होतं. एक बाई म्हणाली की काच लागेल, हात सैल सोड, आणि मी हात सैल सोडला. त्याची लाज मला अजून वाटते. आत्याबाई तेव्हा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मुलगा गेलेल्या बाईकडे त्या दिवशी कोणाचं लक्ष नव्हतं, सगळं लक्ष माझ्या मनगटांकडे होतं.

अडीच-तीन महिने मशीन झाकलेलं राहिलं. आम्ही दोघी एका घरात दोन खोल्यांत वावरत होतो. जेवायला बसायचो, उठायचो. त्या मला दोष देत नव्हत्या, पण मला वाटायचं देतात. आणि मला त्यांचा राग यायचा, की तुम्ही ज्याला घाबरत होतात ते तुमच्या घाबरण्यानेच आलं. असं मनात यायचं, आणि मग स्वतःचाच तिटकारा यायचा.

गिऱ्हाइकाच्या त्या पुण्याच्या भाचीची एक नवरी राहिली होती. तिने वेगवेगळ्या प्रांतांतल्या नवऱ्या एका फळीवर मांडल्या आहेत, त्यात आमच्याकडची अजून नव्हती. तिने कधी आठवण करून दिली नाही. सावकाश करा, नाही केली तरी चालेल, एवढाच निरोप पाठवला होता. एका दुपारी मीच मशीनवरचं कापड काढलं. हाताला काहीतरी हवं होतं. मशीनचा आवाज ऐकून आत्याबाई आल्या, आणि काही न विचारता बाहुली घेऊन नेसवायला बसल्या.

चार दिवस लागले. शालू झाला, मुंडावळ्या झाल्या, जोडवी झाली. चुड्यासाठी ह्यांनी कापून ठेवलेले हिरवे काप औषधाच्या एका जुन्या बाटलीत होते, त्यातले मी मोजून घातले. नथही एक वळून ठेवलेली सापडली. मग मणी राहिले.

मी मण्यांची डबी उघडली, दोरा घेतला, सुई घेतली. आणि हात पुढे जाईना. कुठलीशी श्रद्धा आड आली असती तर मी तिच्याशी भांडले असते. पण तसं काही नव्हतंच. नुसता हात थांबला. त्या पोरीच्या फळीवर उभी राहणारी नवरी, तिच्या गळ्यातलं कोणी ओवलं हे त्या पोरीला कधी कळणार नव्हतं, तरी मला वाटलं की तिला फसवल्यासारखं होईल. दाराच्या उजेडात आत्याबाई बाहुलीचा पदर सारखा करत होत्या.

"शेजारच्या वहिनींना हाक मारू का?" मी म्हणाले. "मणी तेवढे त्या ओवतील."

बोलून झाल्यावर ते माझं मलाच ऐकू आलं. आत्याबाईंनी मान वर केली. त्यांनी माझ्याकडे किती वेळ पाहिलं सांगता येत नाही. मी खाली डबीत पाहत होते. मण्यांवर माझं लक्ष ठरत नव्हतं.

"का? तुझ्या हाताला काय झालंय?" त्यांनी विचारलं.

त्यांनी बाहुली मांडीवरून उतरवून माझ्याकडे दिली आणि हात पुढे केला. "सुई आन इकडं."

मी सुईत दोरा ओवून दिला. त्यांनी डबी जवळ ओढली. पहिला मणी निसटून चटईत गेला, दुसरा बोटालाच चिकटला. तिसरा गेला दोऱ्यात. मी बाहुली धरून बसले होते, आणि मला मध्ये बोलायची भीती वाटत होती. दहा-बारा मणी झाले तेव्हा त्या बोलू लागल्या, सुईकडे बघतच.

"त्याच्या लग्नात मी हळदीला हात लावला न्हाई. चुलतीनं लावली. मी आत चुलीपाशी बसून गानी ऐकली. तुला घरात घेतली तवा ववाळलं बी न्हाई, हिकडं भांडी लावत बसले. पोराच्या जिवाला काय हू नये म्हनून. तवापासनं सव्वीस वर्सं लई सांभाळून ऱ्हायले मी. कशालाच हात लागू दिला न्हाई." मग थांबून त्यांनी एक मणी घेतला. "तरी गेलाच न्हवं तो."

मी रडत होते. त्या रडत नव्हत्या. एका बाजूचा दोरा भरल्यावर त्यांनी टिकलीच्या दोन वाट्या ओवल्या, दोरा बोटांनी सारखा केला आणि सुई माझ्याकडे दिली.

"धर. ही बाजू माझी झाली. ती तू ओव."

मी ओवायला लागले. डोळे पुसायला दोनदा थांबावं लागलं, तेव्हा त्यांनी दोरा धरून ठेवला. मंगळसूत्र झालं. त्यांनीच ते बाहुलीच्या मानेमागे नेऊन बांधलं, वाट्या छातीवर मधोमध आणल्या, आणि तिला हातभर लांब धरून पाहिलं. नवरी छान दिसत होती. त्या तिच्या गालावरून अंगठा फिरवत राहिल्या.

"मग हळद तरी लावली असती गं मी त्याला," त्या म्हणाल्या.